धर्मग्रंथांचे वाचन आणि करवीर नगरी

(एका ग्रंथालयाच्या वाचक-मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)

कोल्हापूरला दक्षिण काशी म्हणण्याची जुनी प्रथा आहे. महालक्ष्मीचे देवालय, पंचगंगेचा घाट, शंकराचार्यांचे करवीर पीठ, लक्ष्मीसेन भट्टारकांचा जैन मठ, बाबूजमालचा दर्गा ही सारी स्थाने एका माणसाला सकाळपासून दुपारपर्यंत पायी फिरून पाहता येतील इतक्या अंतरात आहेत. अशा नगरीत धर्म आणि अध्यात्म या विषयांवरील पुस्तकांना वाचक लाभावेत, यात नवल नाही. नवल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचे. धर्मग्रंथातील मंत्र कोणाच्या कानी पडावेत, या प्रश्नावरून या नगरीत राजसत्ता आणि पुरोहितवर्ग एकमेकांसमोर उभे ठाकले होते. त्यानंतर चाळीस वर्षे लोटली नाहीत तोच याच नगरीतील एका प्राध्यापकाने धर्मग्रंथ कसा वाचावा याचा असा वस्तुपाठ घालून दिला की, देशोदेशीच्या पंडितांनी त्याची दखल घ्यावी. वाचण्याचा अधिकार आणि वाचण्याची रीत या दोन गोष्टी करवीरात एकापाठोपाठ आल्या. पहिलीची हकीकत महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. दुसरीची मात्र कोल्हापूरकरांनाही पुरती ठाऊक नसते.

पहिली हकीकत थोडक्यात अशी. १८९९ च्या सुमारास कार्तिक महिन्यात राजर्षी शाहू छत्रपती पंचगंगेवर स्नानास जात असत. त्या वेळी पुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत आहे, ही गोष्ट महाराजांबरोबर असलेल्या राजारामशास्त्री भागवतांनी निदर्शनास आणून दिली. वेदोक्त म्हणजे वेदांतील मंत्रांनी केलेला विधी आणि पुराणोक्त म्हणजे पुराणांतील श्लोकांनी केलेला विधी. बाहेरून पाहणाऱ्याला हा भेद किरकोळ वाटेल. परंतु त्यामागचा अर्थ असा होता की, छत्रपतींना वेदमंत्रांचा अधिकार नाही, कारण ते शूद्र आहेत. पुढे राजोपाध्यांनी वेदोक्त विधी करण्याचे नाकारले, वृत्तपत्रांतून वाद पेटला, केसरीनेही त्यात भाग घेतला आणि अखेरीस १९०२ मध्ये राजोपाध्यांची वतने जप्त झाली. त्याच वर्षी २६ जुलै रोजी मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. या दोन घटनांचा संबंध इतिहासकार निरनिराळ्या प्रकारे लावतात. एवढे मात्र निश्चित की, घाटावर उपस्थित झालेला प्रश्न हा मुळात एका ग्रंथाच्या अधिकाराचा प्रश्न होता.

या प्रश्नाला करवीरात पुढील वीस वर्षांत एकाहून अधिक उत्तरे देण्यात आली आणि त्या प्रत्येक उत्तरात एखादे पुस्तक होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. महात्मा फुले यांचा ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यातील विचार या समाजाच्या मुळाशी होता. कोल्हापूरच्या सत्यशोधकांचे अग्रणी भास्करराव जाधव यांनी ‘घरचा पुरोहित’ हे पुस्तक लिहून मध्यस्थावाचून गृहस्थाने आपले विधी आपल्या भाषेत करावेत, अशी सोय केली. विधीचे पुस्तक हे एरवी सर्वांत नीरस वाङ्मय. पण ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पोथीला हात लावण्याची मुभा नव्हती, तेथे असे पुस्तक कोनाड्यात येऊन बसणे ही केवढी घटना असेल! १९१९ मध्ये महाराजांनी राजाराम महाविद्यालय आर्य समाजाच्या हाती सोपविले. आर्य समाजाची भूमिका सत्यशोधकांहून अगदी निराळी, वेदांचा अधिकार सर्वांना आहे अशी. १९२० मध्ये क्षात्रजगद्‌गुरूंचे पीठ निर्माण झाले आणि मराठा तरुणांना वैदिक विधींचे शिक्षण देण्याची व्यवस्थाही त्याच सुमारास झाली. एकाच राजाच्या आश्रयाने परस्परांशी न जुळणाऱ्या या वाटा चालू राहिल्या, याबद्दल काही टीकाकारांनी महाराजांना दोष दिला आहे. वाचकाच्या दृष्टीने पाहता मात्र त्यात एक लाभ होता. वेद सर्वांचे आहेत असे सांगणारा आणि वेदांची गरजच नाही असे सांगणारा, दोघेही एकाच पेठेत भेटत होते आणि दोघांच्याही हातात पुस्तक होते.

अर्थात अधिकार मिळाला म्हणून वाचन घडलेच असे नाही. त्यासाठी अक्षरओळख लागते. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय झाला, तो वेदोक्ताच्या लढ्याइतकाच या विषयाशी निगडित आहे. त्याआधीच १९०१ पासून शहरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहू लागली होती. त्यांत मराठा व दिगंबर जैन वसतिगृहे प्रारंभीची. मागाहून मुसलमान, लिंगायत आणि अन्य समाजांची झाली. खेड्यातला मुलगा शहरात येऊन राहू लागला आणि आपल्या घरच्या पोथीपलीकडे दुसऱ्याच्या घरची पोथी असते, हे त्याला कळू लागले.

आता दुसरी हकीकत. डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांचा जन्म ६ फेब्रुवारी १९०६ रोजी सदलगा या गावी झाला. हे गाव आज कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यात आहे. १९३० मध्ये मुंबई विद्यापीठाची एम. ए. पदवी घेऊन ते राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे अध्यापक म्हणून रुजू झाले आणि १९६२ पर्यंत तेथेच राहिले. बत्तीस वर्षे एका जिल्ह्याच्या गावी, मोठ्या संशोधनसंस्थांपासून दूर राहून त्यांनी प्राकृत, अपभ्रंश आणि संस्कृत भाषांतील एकामागून एक ग्रंथ संपादित केले. १९३५ मध्ये कुंदकुंदाचार्यांचा ‘प्रवचनसार’, १९३७ मध्ये जोइंदू या अध्यात्मकवीचा ‘परमात्मप्रकाश’, १९३८ मध्ये ‘वरांगचरित’, १९४३ मध्ये ‘बृहत्कथाकोश’, १९४४ मध्ये ‘धूर्ताख्यान’, १९५९ मध्ये ‘कुवलयमाला’ अशी ही मालिका आहे. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेच्या ‘तिलोयपण्णत्ती’चे डॉ. हिरालाल जैन यांच्यासमवेत त्यांनी केलेले संपादनही याच काळातील. १९६६ मध्ये अलीगढ येथे भरलेल्या अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे ते अध्यक्ष होते.

ग्रंथांची नुसती नावे ऐकून सामान्य वाचकाला त्या कामाची कल्पना येणार नाही. म्हणून एकच उदाहरण जरा बारकाईने पाहावे. ‘प्रवचनसार’ हा दिगंबर जैनांचा अत्यंत आदरणीय ग्रंथ. आत्मा, ज्ञान, ज्ञेय आणि मुनीचे आचरण यांचे विवेचन त्यात शौरसेनी प्राकृतातील गाथांतून केलेले आहे. त्यावर दोन प्रसिद्ध संस्कृत टीका आहेत; एक अमृतचंद्रांची, दुसरी त्यांच्यानंतरच्या जयसेनांची. अमृतचंद्रांसमोर असलेल्या मूळ ग्रंथात २७५ गाथा आहेत, तर जयसेनांच्या पाठात ३११. म्हणजे एकाच ग्रंथाच्या दोन मान्यवर पाठांत ३६ गाथांचे अंतर आहे. आता हे अंतर निरुपद्रवी असते तर गोष्ट निराळी. पण जयसेनांच्या पाठात अधिक असलेल्या गाथांपैकी काही स्त्रीला त्याच जन्मी मोक्ष मिळतो की नाही, या दिगंबर-श्वेतांबर वादाशी संबंधित आहेत. त्या गाथा स्त्रीच्या मोक्षाला विरोध करतात. अमृतचंद्रांच्या पाठात त्या नाहीत.

समजा, घरातील एखादी श्रद्धाळू स्त्री हा ग्रंथ हाती घेते. तिच्या हाती कोणता पाठ पडला, यावर तिला त्यात काय वाचायला मिळेल हे अवलंबून राहील. एका पाठात तिला तिच्याविषयीचा निर्णय सापडेल, दुसऱ्यात त्याविषयी मौन सापडेल. ‘ग्रंथात असे सांगितले आहे’ हे वाक्य उच्चारण्यापूर्वी ‘कोणत्या प्रतीत?’ असे विचारावे लागते, ते याचसाठी. उपाध्ये यांनी दोन्ही पाठ वाचकापुढे ठेवले, अधिक गाथांची स्वतंत्र छाननी केली आणि विस्तृत प्रस्तावनेत कुंदकुंदांचा काळ, त्यांचे इतर ग्रंथ, त्यांची भाषा यांची चर्चा केली. त्यांनी ग्रंथाची अवहेलना केली नाही. ते स्वतः त्याच परंपरेत वाढलेले होते. जे परंपरेने हाती दिले ते जसेच्या तसे नोंदवायचे, त्यातील फरक लपवायचा नाही आणि निर्णय देताना पुरावा पुढे करायचा, एवढेच त्यांचे व्रत होते. मुंबई विद्यापीठाने १९३९ मध्ये त्यांना डी. लिट्. पदवी दिली.

‘वरांगचरिता’ची कथा तर कोल्हापूरच्याच एका मठातील कपाटाची कथा आहे. सातव्या शतकातील हे संस्कृत काव्य नावाने ठाऊक होते, पण ग्रंथ कोठे आढळत नव्हता आणि त्याचे कर्तृत्वही रविषेण या दुसऱ्याच ग्रंथकाराकडे दिले जात होते. लक्ष्मीसेन मठातील जुन्या कानडी लिपीतील ताडपत्रांवर तो उपाध्ये यांच्या हाती लागला आणि तो जटासिंहनंदीचा असल्याचे त्यांनी दाखवून दिले. ताडपत्रे मठात होतीच. त्यांना धूप-दीप होत असेल, नमस्कार होत असेल. वाचणारा तेवढा यायचा होता. जैन मठ व मंदिरांतून हस्तलिखिते शतकानुशतके जपली गेली, हे त्या समाजाचे मोठे ऋण आहे, हेही येथेच सांगितले पाहिजे. पूजेने जपले नसते तर अभ्यासाला काही उरलेच नसते.

‘परमात्मप्रकाश’ अपभ्रंश भाषेत आहे. ज्या प्राकृत-अपभ्रंशांच्या परिसरातून पुढे मराठी आकाराला आली, त्यांतील ही एक भाषा असल्याने मराठी माणसाला त्यातील कित्येक शब्द दुरून ओळखीचे वाटतात. आत्मा देवळात नाही, मूर्तीत नाही, तो देहात राहूनही देहाहून निराळा आहे, अशा आशयाचे विचार जोइंदू आपल्या प्रभाकर भट्ट नावाच्या शिष्याला सांगतो. वारकरी संतांचे अभंग कानावर असलेल्या वाचकाला हे सारे परके वाटत नाही. उलट ‘धूर्ताख्याना’त आठव्या शतकातील हरिभद्राने पाच धूर्तांच्या तोंडी अचाट थापा घालून, त्या खऱ्या ठरविण्यासाठी पुराणकथांचेच दाखले दिले आहेत. अध्यात्माची उत्कटता आणि पुराणांची थट्टा हे दोन्ही ग्रंथ एकाच संपादकाने सारख्याच काळजीने सिद्ध करावेत, हे विशेष आहे.

ही रीत पाश्चात्त्यांकडून आली, असा एक समज आहे. पाठचिकित्सेचे आधुनिक तंत्र युरोपीय पंडितांनी विकसित केले, हे खरेच. परंतु महाराष्ट्राला तिचे बीज अपरिचित नव्हते. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० मध्ये सिद्ध झाली. पुढील तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून तिच्यात फेरफार होत गेले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये एकनाथ महाराजांनी प्रती ताडून तिचा पाठ शुद्ध केला आणि यात कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावून ठेवले. पैठणच्या या संताला, ग्रंथ पवित्र आहे म्हणून तो तपासू नये, असे वाटले नाही. पवित्र आहे म्हणूनच तो तपासला पाहिजे, असे त्यांना वाटले. तुकोबांच्या गाथेची छापील आवृत्तीही अशीच प्रती मिळवून तयार झाली. विष्णू परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी १८६९ व १८७३ मध्ये दोन भागांत काढलेल्या त्या आवृत्तीस तत्कालीन मुंबई सरकारचे साहाय्य होते आणि तिच्यासाठी देहू, तळेगाव, पंढरपूर आदी ठिकाणच्या वह्या पाहण्यात आल्या. १९५० मध्ये मुंबई राज्य शासनाने गाथा स्वतः प्रसिद्ध केली व नंतर तिची पुनर्मुद्रणेही केली. महात्मा फुले यांचे समग्र वाङ्मयही १९६९ मध्ये राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केले. तुकोबांची गाथा आणि सार्वजनिक सत्यधर्म ही दोन्ही पुस्तके शासकीय ग्रंथ-भांडारातून माफक किमतीला मिळू शकली, ही सोय लहान नव्हे.

येथे पारायणाविषयी चार शब्द बोलणे अवश्य आहे. शिकलेल्या मंडळींमध्ये पारायणाला नाक मुरडण्याची एक सवय असते. अर्थ न कळता पाने उलटणे म्हणजे पारायण, असे ते समजतात. कोल्हापूर जिल्ह्यात नृसिंहवाडीला आणि गावोगावच्या घरांतून गुरुचरित्राचे सप्ताह चालतात. सात दिवस ठरावीक वेळी बसून, सोवळे आणि आहाराचे नियम पाळून ५२ अध्यायांची पोथी पुरी करणाऱ्या माणसाइतका नेमाने वाचणारा वाचक कादंबरीलाही मिळत नाही. या नेमाला फक्त एका प्रश्नाची जोड मिळाली तर काय घडू शकेल? गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायात कृष्णा-पंचगंगा संगमाचे वर्णन आहे आणि पंचगंगेच्या पाच नद्यांची नावे दिलेली आहेत. त्यांत कुंभी, भोगावती, सरस्वती यांच्याबरोबर शिवा आणि भद्रा ही नावे येतात. आजचा कोल्हापूरकर मात्र कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशी नावे सांगतो. मग शिवा कोणती आणि भद्रा कोणती? हा प्रश्न पडला की पोथी वाचणारा माणूस नकाशा मागतो, जुने दप्तर मागतो, करवीर माहात्म्यासारखा दुसरा ग्रंथ मागतो. त्याच्या श्रद्धेला यत्किंचितही धक्का न लागता तो अभ्यासक होतो. गुरुचरित्र स्त्रियांनी वाचू नये, असा एक समज अजून अनेक घरांत आहे. घाटावरचा वेदोक्ताचा प्रश्न अशा रीतीने घरातल्या देव्हाऱ्यापाशी शिल्लक राहिलेला दिसतो. पण आज कित्येक घरांत आजीच पोथी वाचते आणि नातवंडे ऐकतात, हेही तितकेच खरे.

सामुदायिक वाचनाचे दुसरे एक उदाहरण याच जिल्ह्याशी दूरान्वयाने जोडलेले आहे. मार्च १९२० मध्ये माणगाव येथे भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष तरुण भीमराव आंबेडकर होते आणि शाहू महाराज तेथे स्वतः उपस्थित राहिले होते. त्यानंतर सदतीस वर्षांनी, १९५७ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा इंग्रजी ग्रंथ त्यांच्या निधनानंतर प्रकाशित झाला व पुढे तो मराठीत आला. वर्षावासाच्या महिन्यांत बौद्ध विहारांतून त्याचे क्रमशः वाचन होते. या ग्रंथाच्या प्रारंभीच बाबासाहेबांनी परंपरेने सांगितलेल्या कथेवर प्रश्न उपस्थित केला आहे. वृद्ध, रोगी आणि मृत माणूस पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, हे त्यांना पटत नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने हे पूर्वी पाहिलेच नव्हते, हे कसे संभवेल, असे ते विचारतात. जो ग्रंथ भक्तिभावाने वाचला जातो, त्याच्या पहिल्याच पानांत शंका विचारलेली आहे. मराठी धर्मवाङ्मयाच्या वाचकाने या गोष्टीकडे, तो कोणत्याही पंथाचा असो, अवश्य पाहावे.

आता ग्रंथालयांकडे वळू या. कोल्हापुरात १८५० मध्ये ‘नेटिव्ह लायब्ररी’ सुरू झाली. करवीर नगर वाचन मंदिर या नावाने ती पुढे नावारूपाला आली. भारतात सार्वजनिक ग्रंथालयांसाठी पहिला कायदा केला तो कोल्हापूर संस्थानाने, १९४५ मध्ये. मद्रासचा कायदा त्यानंतर तीन वर्षांनी आला आणि महाराष्ट्र राज्याचा १९६७ मध्ये. संस्थान विलीन झाले, कायदा इतिहासजमा झाला. पण ग्रंथालय ही शासनाची जबाबदारी आहे हा विचार या मातीत लवकर रुजला होता, याची ती खूण आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयातही हस्तलिखितांचा संग्रह आहे.

ग्रंथपालांपुढे या विषयात एक गमतीची अडचण असते. ड्यूई यांच्या दशांश वर्गीकरणात २०० हा अंक धर्माचा. पण त्यातील बहुतेक घरे ख्रिस्ती धर्माने व्यापलेली आणि जगातील बाकी सर्व धर्म २९० मध्ये दाटीवाटीने बसविलेले. बौद्ध २९४.३, जैन २९४.४, हिंदू २९४.५, इस्लाम २९७. अमेरिकेतील ग्रंथालयाला ते सोयीचे असेल. करवीरच्या ग्रंथालयात या दोन-तीन घरांवर सारा भार येतो आणि दशांश चिन्हापुढे अंकांची आगगाडी लागते. डॉ. रंगनाथन यांच्या द्विबिंदू वर्गीकरणात मात्र धर्म हा एक वर्ग आणि आध्यात्मिक अनुभव व गूढवाद हा दुसरा स्वतंत्र वर्ग आहे. व्रतवैकल्याचे पुस्तक आणि अनुभवामृत एकाच फळीवर नकोत, हे त्या गणिताच्या प्राध्यापकाने ओळखले होते. मात्र लहान ग्रंथालयांत बहुधा दोन्ही पद्धती बाजूला ठेवून ‘धार्मिक’ अशी एक चिठ्ठी कपाटाला डकवलेली असते. त्या कपाटात ज्ञानेश्वरीच्या मांडीला मांडी लावून राशिभविष्य बसते. वाचकाला शेवटी जे समोर दिसते तेच तो उचलतो. म्हणून या कपाटाची निगा राखणे हे ग्रंथपालाचे कारकुनी काम समजू नये.

खर्च फारसा नाही. गाथेच्या दोन निरनिराळ्या प्रती, ज्ञानेश्वरीची एक मूळ संहिता आणि एक सुबोध भाषांतर, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा ‘वैदिक संस्कृतीचा विकास’, डॉ. रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’, फुले आणि आंबेडकर यांचे वर उल्लेखिलेले ग्रंथ, कुराण आणि बायबल यांची मराठी भाषांतरे इतक्या पुस्तकांनी एक फळी भरते. कोल्हापूर जिल्ह्यात पावसाळा जोराचा असतो. शेतातली रोपलावण उरकली की चातुर्मास लागतो. देवळांत पोथी सुरू होते, बस्तीत मुनींची प्रवचने होतात, विहारात वर्षावास चालू असतो आणि नृसिंहवाडीला पंचगंगा-कृष्णेचे पाणी देवाच्या पायांपर्यंत चढते. सारा जिल्हा या चार महिन्यांत काही ना काही ऐकत वा वाचत बसलेला असतो. गावच्या ग्रंथालयाने ही फळी त्या चार महिन्यांपुरती कपाटातून काढून टेबलावर मांडावी आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर दोन तास दार उघडे ठेवावे. ज्याला दुपारी देवळात ऐकलेला अध्याय पुन्हा स्वतःच्या डोळ्यांनी वाचून पाहायचा असेल, तो छत्री घेऊन येईल.